नाक गेलेल्या माणसाला आलेला वास

आधीच सांगतो, भूत-बाधा, करणी-बिरणी यातलं मी काहीही मानत नाही. बावीस वर्षं सैन्यात इंधन पुरवठ्यात काढली. टाकीत किती डिझेल आहे ते पट्टी बुडवून बघायचं, तळाशी पाणी शिरलंय का ते बघायचं, मगच सही करायची... असा माणूस मी. देव समोर आला तरी हा आधी पट्टी बुडवून बघेल, असं बायको म्हणते.

तरी गेल्या हिवाळ्यात लातूरला जे झालं, ते लिहितोय.

आधी माझ्या नाकाबद्दल. उंचावरच्या पोस्टवर रॉकेल म्हणजे जीव – शेकोटी त्याच्यावर, स्वयंपाक त्याच्यावर. आम्ही ते बॅरलमधून कॅनमध्ये भरून वर पाठवायचो. सुट्टीवर उमरीजवळच्या आमच्या गावी आलो की आई दारातच माझं डोकं धरून हुंगायची. "लई राकेल पिऊन आलास की रं!" आणि स्वतः? घरात गॅस आला तरी तिचा चहा स्टोवरच. "गॅसच्या चहाला चव न्हाई." तिच्या हातांना रॉकेल आणि ज्वारीच्या पिठाचा वास कायमचा.

आई गेली तेव्हा मी वर होतो. बर्फानं रस्ता बंद. पोचायला पाच दिवस लागले, तोवर सगळं उरकलं होतं. तिचं लुगडं दांडीवर होतं. कुणी बघत नाही असं बघून मी त्यात तोंड खुपसलं... आणि काहीच नाही. वासच येईना. माझं नाक गेलंय हे मला असं कळलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या वाफा असतील, नाहीतर मध्ये येऊन गेलेला ताप असेल. परत येईल अशी आशा धरू नका. बाकी सगळ्याची सवय झाली. ते लुगडं मात्र अजून सलतं.

याला सात वर्षं झाली. मी निवृत्त झालो. मुलगी गौरी लातूरला क्लाससाठी एका खोलीत भाड्यानं राहते. छोटा सिलिंडर, एक शेगडी. त्या दिवशी डबा घेऊन निघालो, नांदेडला गाडी बदलली आणि दुपारी दीडच्या सुमारास पोचलो. गौरीला सडकून सर्दी झालेली, खिडक्या गच्च लावून बसलेली.

"बसा पप्पा, चहा टाकते."

मी दारात बूट काढत होतो, आणि वास आला. रॉकेल. सैन्याच्या डेपोतलं नव्हे, ते मी झोपेतही ओळखेन. रॉकेल, आणि त्याच्यामागे ज्वारीचं पीठ. इतक्या जवळून, की कुणीतरी माझं डोकं धरलंय असं वाटलं.

गौरीच्या हातात लायटर होता.

"ठेव खाली! कुठलंही बटण दाबू नको!" आवाज डेपोतलाच निघाला. पोरगी जागच्या जागी थिजली. मी रेग्युलेटर बंद केला, सिलिंडर बाहेर गॅलरीत ठेवला, खिडक्या उघडल्या. तेवढ्यात घरमालकीणबाई नाकाला पदर लावून जिन्यातून आल्या. "अवो, किती गॅस सुटलाय! पोरीला वास येईना का?"

नळी शेगडीपाशी चिरली होती. गौरीचं नाक चोंदलेलं. आणि मला? गॅसचा वास मला आलाच नव्हता. मालकीणबाईंना विचारलं, इमारतीत कुणाकडे स्टो आहे का. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "राकेल? आता कुठं मिळायलंय राकेल?"

गौरी जिन्यात बसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "पण पप्पा, तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर वास येत नाही."

हे मी मुलांना कधीच सांगितलं नव्हतं. तुला कुणी सांगितलं, असं तिला विचारलं.

"मी पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा तुम्ही वास घेऊन 'वा' म्हणालात. करपली होती ती."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला.

ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, मेंदू जुना वास आठवू शकतो. शकत असेल. पण सात वर्षं गप्प बसून नेमका त्याच मिनिटाला? त्यानंतर पुन्हा आजतागायत कसलाही वास आलेला नाही.

गौरीला एक गोष्ट मात्र सांगितली नाही. पहिली खिडकी उघडली तशी तो वास पातळ झाला, ते मला कळलं. दुसरीच्या कडीवर माझा हात थांबला. आधी हवा खेळती करा, हे मीच कितीतरी पोरांना शिकवलेलं... तरी थांबला. मागे वळून बघितलं. गौरी तशीच उभी होती, लायटर पायाशी.

मी कडी काढली. वारा आला आणि आई गेली. या वेळी मात्र ती जाताना मी जवळ होतो.