कोल्हीच्या पोटातली मिरची

धरण भरलं तेव्हा एक टेकडी पाण्याच्या मधोमध उरली. तिच्यावर ससे अडकले, तसे कोल्हेही. ससे वाढले की कोल्हे वाढतात, ससे घटले की कोल्हे उपाशी मरतात, हे आमच्या कॉलेजचे सर बारा वर्षं मोजून राहिले होते. नाव वल्हवायचे माझे बाबा, आणि कोल्ह्यांची विष्ठा धुवायची मी. पिपरी मेघेतल्या आमच्या शेजारणी नाक दाबून विचारायच्या, "काऊन वं, हेच नोकरी भेटली काय तुले?" धुऊन चाळणीत राहिलेले केस, हाडं पाहिली की कोल्ह्यानं काय खाल्लं ते कळतं. मला तर बाई आवडायचं ते काम.

सरांचा नियम एकच होता, बेटावर बाहेरचा दाणासुद्धा टाकायचा नाही. गेल्या वर्षी ससे फारच घटले. एक म्हातारी कोल्ही तेवढी उरली.

हिवाळ्यात तिची विष्ठा धुतली, तर चाळणीत मिरचीच्या बिया! बेटावर मिरचीचं झाड कुठलं? भाकरीला इतका ठेचा फासून नेणारा माणूस नावेत एकच होता.

घरी आल्यावर विचारलं. बाबा खाली मान घालून म्हणाले, "तिचे दात पडले वं माय. ससा धरता येत नाई तिले. मी डबा खातो अन् ते पाहून राह्यते. घास उतरत नाई गळ्याखाली."

"अहो बाबा, सगळं काम पाण्यात गेलं ना!" मी ओरडलेच. लपवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. दोन दिवस तळमळले, मग सरांना सांगून टाकलं. बाबांना कामावरून काढतील, असंच धरून चालले होते. सरांनी त्या हिवाळ्याच्या सगळ्या नोंदींवर आडवी रेघ मारली आणि बाबांना एवढंच म्हणाले, "दादा, आता नका देऊ." बाबा हो म्हणाले.

तेव्हापासून बाबा बेटावर उतरत नाहीत. नाव काठाला लावतात आणि बेटाकडे पाठ करून बसतात. "मले पाह्यलं का ते आस लावते," म्हणतात.

परवा मोजणी आटोपून परतले, तर कोल्ही काठावर बसलेली, बाबांच्या पाठीमागे दहा पावलांवर. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी वहीत लिहिलं, कोल्ही एक, जिवंत. मग नावेत चढले आणि बाबांशेजारी तशीच पाठ करून बसले. खरं सांगते, तिच्याकडे बघायची माझीही हिंमत झाली नाही.