दादानं थांबवलेला गेम
चार्जर तापल्याचा वास आला की मला मार्गासनीचं घर आणि टीव्हीला जोडलेला आमचा स्वस्तातला व्हिडिओ गेम आठवतो. ताप उतरेना म्हणून दादाला सकाळी जीपनं पुण्याला न्यायला निघाले, तेव्हा त्यानं चालू गेम मध्येच थांबवला आणि मला बजावलं, “बंद करू नगंस, आल्यावर फुडं खेळू.” संध्याकाळी त्याला झाकूनच आणलं. कुणीतरी टीव्ही बंद केला, पण गेमचा लाल दिवा मी विझू दिला नाही. पुण्याहून आलेला आतेभाऊ म्हणाला, “काढ ते भंगार, त्यात काही सेव्ह होत नाही.” मी म्हणालो, “चालू हाय तवर समदं धरून ठेवतंय.” भिंतीला टेकलेली आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे त्येला.” दादाला उचललं आणि तेवढ्यात गावाची लाईट गेली, गेमचा लाल दिवाही विझला. आजही त्या खोक्याला कुणी भंगार म्हटलं की मी भांडतो. त्या खोक्यानं आपणहून काही सोडलं नव्हतं.