लाटणं कोटांच्या कपाटात

ही फजिती तुम्हाला कुणाकडून तरी कळणारच. वरच्या मजल्यावरचा मिलिंद दर गणपतीत ती रंगवून सांगतो, आणि दर वर्षी त्यात थोडी भर पडते. तेव्हा म्हटलं, आपणच सांगून टाकावी. निदान लाटण्याची लांबी तरी खरी राहील.

बुधवार होता. इथे डीमन या डच गावात बुधवारी शाळा दुपारीच सुटते, म्हणून त्या दिवशी मी घरून काम करायचो. म्हणजे ऑफिसला तसं सांगायचो. प्रत्यक्षात मी कणीक मळत होतो. माझी बायको रेवती वारली त्याला दुसरा हिवाळा आला होता आणि मला पोळ्या जमायला लागल्या होत्या. गोल नाही, पण पोळ्या. दोन्ही हात कणकेने भरलेले, आणि फोन वाजला. मी नाकाने स्पीकर लावला. हसू नका, लागतो.

"मी आनेके," पलीकडची बाई इंग्रजीत म्हणाली. "हा देश मुलांचे हक्क कितपत पाळतो यावर आम्ही देखरेख ठेवतो. शाळेतून तुमचा नंबर मिळाला. पुढच्या बुधवारी घरी येऊन ईराशी बोलले तर चालेल? तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

आता सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? 'हा देश' हे शब्दही मी नीट ऐकले होते. पण फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त 'मुलांचे हक्क', 'देखरेख', 'शाळा' आणि 'एकटीशी' एवढंच उरलं होतं. त्या दिवसांत व्हॉट्सॲप नवं होतं आणि परदेशातल्या आपल्या लोकांत एकच गोष्ट फिरायची: आईने मुलाला हाताने भरवलं आणि सरकारने मूल उचलून नेलं. खरं किती, खोटं किती, कोण बघतंय!

मी उलट एक प्रश्न विचारला असेल? छे. "यस, यस, वेलकम!" म्हणालो आणि परातीकडे बघत उभा राहिलो. माझी लेक ईरा दहा वर्षांची. घरात आम्ही दोघंच. तिला नेलं तर?

तशाच कणकेच्या हातांनी मी मिलिंदकडे गेलो. दार नीलिमावहिनींनी उघडलं.

"वहिनी, ईराला न्यायला येतायत!"

"कोण? सहल आहे का शाळेची?"

"सरकार!"

वहिनींनी आधी दार लावून घेतलं. मिलिंद मात्र आतून उजळल्या चेहऱ्याने आला. "अरे सुहास, घाबरतोस काय? हे ऑडिट आहे, ऑडिट!"

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरच्या क्वालिटी विभागातले. आमच्या धंद्याची रीत ठरलेली. क्लायंट तपासणीला येणार असला की आधीचा आठवडा जे दिसायला हवं ते मांडायचं, जे दिसायला नको ते गायब करायचं, आणि माणसांकडून उत्तरं घोटून घ्यायची.

"पण त्या का येतायत ते विचारलंत का, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

"ऑडिटरला का आलात असं कधी विचारायचं नसतं," मिलिंद म्हणाला. मीही मान डोलावली. बघा, दोन इंजिनिअर!

मग वहिनींनी सूत्रं हातात घेतली. त्या इथल्या पाळणाघरात नोकरी करायच्या, म्हणजे आमच्या लेखी डच लोकांवरचा शेवटचा शब्द त्यांचा.

"आधी पडदे काढा. इथली माणसं पडदे लावत नाहीत. लावले की वाटतं, आत काहीतरी चाललंय."

पडदे काढले. आमचं घर तळमजल्यावर, समोर ट्रामचा थांबा. तो आठवडा मी दुकानातल्या पुतळ्यासारखा काचेत बसून जेवलो. शुक्रवारपर्यंत ट्रामची वाट बघणारी माणसं हात हलवायला लागली. एका आजोबांनी तर मी वरण वाढून घेतलं तेव्हा अंगठा दाखवला.

"आणि संडासात कॅलेंडर पाहिजे."

ही इथली खास पद्धत. प्रत्येक घराच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर ना साल, ना वार, नुसत्या तारखा. एकदा नावं लिहिली की जन्मभर पुरतं. मी तत्परतेने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं आणि खिळा शोधायला लागलो.

"भावोजी! गणपती आहे त्यावर!"

मग गायींची चित्रं असलेलं नवीन आणलं. त्यावर आईबाबांचे वाढदिवस लिहिले, मिलिंदचा, वहिनींचा. पान भरलेलं दिसावं म्हणून माझ्या बॉसचासुद्धा लिहिला. मार्चचं पान जरा घाईने उलटलं.

"लाटणं लपव," मिलिंद म्हणाला.

"का?"

"हत्यार वाटेल."

"अरे, पोळ्यांचं आहे!"

"ते तुला माहीत आहे. तिला?"

लाटण्यामागे पोळपाट गेला. शिट्टीला घाबरेल म्हणून कुकर. मग खलबत्ता. सगळं दाराजवळच्या कोटांच्या कपाटात कोंबलं. मी वडे आणि शिरा करायचं म्हणत होतो, तर वहिनींनी तोही बेत हाणून पाडला. "एक कप कॉफी, एक बिस्किट आणि डबा बंद! जास्त दिलंत तर लाच वाटेल."

रविवारी रंगीत तालीम झाली. मिलिंद टाय लावून टेबलापाशी बसला. समोर ईरा. तिला फारच मजा वाटत होती.

"बाबा तुला मारतात का?"

"काका, बाबा कोळ्यालापण ग्लासात धरून बाहेर सोडतो."

"छान! घरी तुझं ऐकतात का?"

ईराने खांदे उडवले. "डिपेंड्स."

"डिपेंड्स नाही! हो म्हणायचं!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

मंगळवारी संध्याकाळी तिची वेणी घालताना मला राहवलं नाही. म्हटलं, "उद्या विचारलं तर सांग हं, तुला इथेच राहायचंय म्हणून."

"इथे म्हणजे? डीमनमध्ये?"

"माझ्याजवळ."

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. "बाबा, तू ओके आहेस ना?"

आणि बुधवारी आनेके आली. पन्नाशीची, सायकलवरून भिजून आलेली, लाल नाकाची हसरी बाई. मी कोट घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू दे, मी ठेवते," आणि तिने कपाट उघडलं.

काय सांगू! आधी कुकर आला. त्याचं झाकण घरंगळत थेट ईराच्या पायाशी जाऊन गोल गोल फिरत बसलं. मग पोळपाट. खलबत्ता नशिबाने बुटांवर पडला. सगळ्यात शेवटी लाटणं डोलत डोलत बाहेर आलं, ते आनेकेने वरच्यावर झेललं.

"हे काय आहे?" तिने ते हातात फिरवत विचारलं.

माझी जीभ कुणाची होती कोण जाणे. मी म्हणालो, "आम्ही हे कधीच वापरत नाही!"

"रोज वापरतो," ईरा म्हणाली. "त्याने पोळ्या करतात. तुम्ही येणार म्हणून लपवलं. पडदेपण काढलेत."

त्या दोघी खोलीत गेल्या. दार बंद झालं. मी स्वयंपाकघरात एका बशीतल्या एका बिस्किटासमोर उभा. आतून हसण्याचे आवाज येत होते. मग बराच वेळ आलेच नाहीत. तो बराच वेळ कसा गेला, ते मिलिंद सांगत नाही, कारण ते त्याला माहीत नाही.

दार उघडताच मी घडाघडा बोलायला लागलो. "पोळ्या गोल येत नाहीत, वेणी वाकडी होते, सगळं मान्य आहे. पण हळूहळू जमतंय. तिला नेऊ नका."

"कुठे?" आनेकेने विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ती खुर्ची ओढून बसली.

"मी वडिलांना तपासत नाही हो. सरकारला तपासते. देश लहान असला तरी मुलांना दिलेला शब्द पाळतोय की नाही, कुणीतरी बघायला हवं ना? ते मी मुलांनाच विचारते. शाळेत म्हटलं, कोण बोलेल? ईराने हात वर केला."

मी ईराकडे वळलो. "अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस! मला वाटलं, तुम्ही माझी प्रॅक्टिस घेताय. मिलिंदकाका मस्त करत होता."

"तिच्या दोन तक्रारी आहेत," आनेके म्हणाली. "एक सरकारबद्दल. बागेतला झोका उन्हाळ्यापासून तुटलाय, मुलांनी सांगूनही नगरपालिका लक्ष देत नाही. ती मी पुढे नेते. दुसरी माझ्या कामाची नाही. पण तुम्हाला सांगितली तर चालेल, असं ती म्हणाली."

ईरा खाली बघून कुकरचं झाकण पायाने हलवत होती. "त्या कॅलेंडरवर तुझ्या बॉसचा बर्थडे आहे," ती म्हणाली. "आईचा नाहीये. मला कुणी विचारलंपण नाही."

"अगं, आई आता..." मी म्हणालो.

"म्हणून काय? त्यावर साल कुठे असतं?"

आनेके म्हणाली, "माझ्या घरच्या कॅलेंडरवर माझे वडील अजून आहेत. त्या दिवशी मी केक आणते." आणि बशीतलं बिस्किट उचलून तिने इकडेतिकडे बघितलं. "खरं सांगू का? भारतीय घरी जायचंय म्हणून मी आज दुपारी जेवलेच नाही."

मी ते कधीच न वापरलं जाणारं लाटणं तिच्या हातून घेतलं आणि पोळ्या लाटल्या. एकही गोल आली नाही. ती खाताना काचेबाहेरून ट्रामवाल्या आजोबांनी अंगठा दाखवला, आणि तिनेही त्यांना दाखवला.

वसंतात बागेत नवा झोका लागला. म्हणजे देश तपासणीत पास झाला. आमच्या घरचं सरकार मात्र अजून पास व्हायचंय. पडदे परत लावले, लाटणं जागेवर आलं, बॉसचं नाव ईराने खोडलं. आईचं नाव दोघांनी मिळून चांगल्या अक्षरात लिहायचं ठरलंय. तिचं मार्चचं पान अजून कोरं आहे.