सुट्टीच्या मापाची सायकल

फौजेतल्या माणसाला आपलं पोर नेहमी मागच्या सुट्टीएवढंच वाटतं. त्या वर्षी मी अकरा महिन्यांनी कुंडलजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा लेकीसाठी कॅन्टीनमधून बूट आणले होते. मोठ्या रुबाबात खोकं उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं पाय घातला, बोटं आखडून धरली, तरी टाच बाहेरच राहिली. बसतात की, असं ती माझ्याकडं बघत म्हणाली. तिच्या आईनं बूट परत खोक्यात भरले आणि भाचीला होतील म्हणून कपाटावर ठेवून दिले. मला माझाच राग आला. पोरीला रोज मोबाईलवर बघत होतो, पण मोबाईलमध्ये माणसाची उंची कळत नाही.

ती तेव्हा सातव्या वर्षात होती. ती पालथी पडली, उभी राहिली, पहिला दात पडला, शाळेच्या पहिल्या दिवशी दाराला धरून रडली. यातलं काहीही मी डोळ्यानं बघितलेलं नाही. सगळं नंतर व्हिडिओत. म्हणून सायकलीचं मात्र मी फोनवर बजावून ठेवलं होतं: नवी सायकल घ्यायची नाही, जुनीची बाजूची आधाराची चाकं काढायची नाहीत, मी आल्यावरच काय ते. पोरीनं ते पाळलं. मैत्रिणी गल्लीतून दोन चाकांवर हिंडायच्या आणि ही चार चाकांची खडखड करत, गुडघे हँडलला घासत अंगणात फिरायची. मला तीस दिवसांची सुट्टी होती, त्यातले चार प्रवासात जाणार होते. उरलेल्या दिवसांत तिला सायकल यावी आणि ती येताना मी तिथं हजर असावं, एवढंच मला हवं होतं.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोटरसायकलवरून सांगलीला गेलो. दुकानात शिरल्याबरोबर मी सोळा इंचीकडं बोट केलं. पोरगी बसली. दोन्ही तळवे जमिनीवर चक्क सपाट टेकले आणि गुडघे वर आले. दुकानदार म्हातारा माणूस, पाना हातातच होता. त्यानं मान हलवली आणि मला न विचारता मागची लाल वीस इंची ओढून काढली, सीट पार खाली केली. पोरगी तिच्यावर बसली तर नुसते अंगठे टेकत होते.

मी म्हणालो, ही मोठी होते. तो म्हणाला, सोळाची वर्षभरात भाचीला द्यावी लागेल. आता यालाही आमची भाची माहीत होती की काय कोण जाणे. मी चिडलो. पाय टेकले नाहीत तर पोर घाबरणार, घाबरली की शिकायला महिना जाणार, आणि महिनाभर थांबायला मी काही तलाठी नव्हे, असं बरंच बोललो. सोळावर ती दोन दिवसांत शिकली असती. दोन दिवसांत, माझ्या डोळ्यांदेखत. हे शेवटचं मी बोललो नाही, पण बायकोला ते ऐकू गेलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "तिच्या मापाची घ्यायची, का तुमच्या सुट्टीच्या मापाची?"

दुकानदार एकदम कामाला लागल्यासारखा चेन बघू लागला. पोरगी लाल सायकलीचं हँडल सोडायला तयार नव्हती. मी पाकीट काढलं. आम्ही वीस इंची घेतली आणि ती टेम्पोनं गावी आली.

शिकवणं मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. पहाटे साडेपाचला उठवायचं, स्वेटर चढवायचा, शाळेच्या मैदानावर. मी कॅरिअर धरून मागून पळणार आणि तोंडानं हुकूम सोडणार: समोर बघ, खांदे सैल, पाय फिरव. पोरगी समोर सोडून बाकी सगळीकडं बघायची, जास्त करून जमिनीकडं. मी हात जरा सैल केला की तिला कळायचं आणि ती लाकडासारखी ताठ व्हायची. चौथ्या दिवशी पडली, सहाव्या दिवशी पडली. नवव्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. ती रडली नाही. सायकल मैदानात आडवी टाकली आणि एकटी घरी चालू लागली. मी ती भलीमोठी लाल सायकल हातानं ढकलत तिच्या मागून येत होतो, आणि डेअरीपुढच्या फळीवर दूध घ्यायला बसलेली माणसं बघत होती. बायकोनं दोघांनाही चहा दिला.

त्यानंतर मी तिला मैदानावर नेलंच नाही. आठवडा तसाच गेला आणि सुट्टीचे सात दिवस उरले. सांगलीला जाऊन सायकल बदलून आणावी, असं माझ्या मनात दोनदा येऊन गेलं. खोटं कशाला बोलू, पुढं पोरीला ती लहान झाली असती तरी चाललं असतं मला. एकदा बघायचं होतं.

शनिवारी सातबाऱ्याच्या कामासाठी मी पलूसला गेलो. काम झालं, निघताना घरी फोन केला की वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपमध्ये बसलोय. चारच्या सुमाराला जीपनं मला फाट्यावर सोडलं. तिथून गाव अर्धा किलोमीटर, रस्ता सरळ. उसाची तोड चालू होती, एका अंगाला शेत मोकळं झालेलं, त्यामुळं गावातलं पहिलं घरसुद्धा दिसत होतं. गावाच्या रस्त्यानं थोडं आत येऊन मी कागद खिशात घालत होतो, तेवढ्यात लांबून काहीतरी लाल येताना दिसलं.

आधी मी सायकल ओळखली. मग तिच्यावरची वेणी. मागं धरणारं कोणी आहे का, ते मी बघितलं. कोणी नव्हतं. बऱ्याच अंतरावर बायको पदर खोचून पळत येत होती, पण तिचा हात सायकलीपर्यंत पोचण्यासारखा नव्हता. पोरीचे पाय गोल गोल फिरत होते, हँडल जरासुद्धा हलत नव्हतं. नऊ दिवस मी ज्या अंगाला सैल हो म्हणून ओरडलो, ते अंग आता सैल होतं. मला हाक मारायचं सुचलं नाही, मोबाईल काढायचंही सुचलं नाही. मी बर्फाचे डोंगर बघितलेत, पण असा जागच्या जागी उभा राहिलेलो मला आठवत नाही. एवढंसं माणूस, आणि त्याला एवढं आपलं आपण येतं! छाती इतकी भरून आली की श्वास घ्यायचं राहिलं.

ती जवळ आली तरी माझ्याकडं बघेना. मान समोर, ओठ दाबलेले. अगदी शेजारून जाताना, वर्गात बाईंना उत्तर द्यावं तशा सरळ आवाजात म्हणाली, "पप्पा, मला थांबाया येत न्हाई."

आणि पुढं गेली.

पुढं डांबरी रस्ता होता आणि त्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. मी पळालो. कागद खाली पडले, एक चप्पल राहिली. पंधरा-वीस पावलांवर कॅरिअर हातात आलं आणि मी सायकल जागेवर दाबून धरली. तिचे अंगठे जमिनीला लागले. समोरून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन धडधडत गेला.

बायको धापा टाकत आली आणि तिच्याकडून सगळं कळलं. शाळा सकाळचीच होती. दुपारी पोरीनं सायकल स्वतःच देवळाच्या कट्ट्याला लावली, कट्ट्यावरून सीटवर बसली, कट्ट्याला पाय लावून ढकलली. पडली, परत कट्टा. तासाभरात देवळाला फेऱ्या मारायला लागली. दमली की फिरून कट्ट्यापाशी यायची आणि त्यावर पाय टेकायची. म्हणजे चालवायला आली होती, पण ब्रेक दाबला की पाय टेकायच्या आत कलंडायची, म्हणून कट्टा असेल तिथंच उतरता येत होतं. मी जीपमध्ये बसलो हे कळल्यावर, पप्पांना दाखवून येते म्हणाली आणि आईनं धरायच्या आत देवळाची फेरी सोडून रस्त्याला लागली. मागून आई ओरडत होती थांब, आणि तिला तेच तर येत नव्हतं.

म्हणजे पहिली फेरी याही वेळी माझी हुकली होती. मी गावात असून हुकली होती. पण ते मनात येऊन गेलं एवढंच, कारण मला घाम फुटला होता दुसऱ्याच गोष्टीनं. जीप दोन मिनिटं उशिरा आली असती तर. मी तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि रागानंच विचारलं, फाट्यावर कट्टा नाही, काही नाही, तू थांबणार कशी होतीस?

तिला प्रश्नच कळेना. माझी अक्कल काढावी तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुमी हुता की," ती म्हणाली.

सहा वर्षांत मी तिच्या कशालाच नव्हतो. पालथी पडताना नव्हतो, दात पडताना नव्हतो, आज देवळापाशीही नव्हतो. आणि ही पोरगी उतरायला येत नसताना अर्धा किलोमीटर आली होती, कारण तिच्या हिशेबात फाट्यावर मी उभा असणारच होतो. बायकोनं रस्त्यावरचे कागद गोळा केले, चप्पल आणून माझ्या पायाशी टाकली. पोरगी म्हणाली, सायकल वळवून द्या, आणि आता मागं धरायचं न्हाई.