नवापूरपासून धरलेला हात

आधीच सांगून टाकते – मी विज्ञान शिकवते. सुरतमधल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत, आठवी ते दहावी, गेली सतरा वर्षं. शाळेच्या विज्ञान मेळाव्यात एक टेबल कायम माझं असतं. लिंबातून रक्त कसं निघतं, नारळ आपोआप कसा पेटतो... असले 'चमत्कार' मुलांकडूनच करून घ्यायचे आणि मग त्यामागची युक्ती सगळ्यांना दाखवायची. त्यामुळे या पानावर लोक लिहितात ते गूढ अनुभव मी वाचायचे ते थोडं हसतच. आज मीच लिहायला बसलेय. घाबरले असते तर तेव्हाच लिहून मोकळी झाले असते. वर्षभर गप्प राहिले ते लाजेपायी.

मला लांबच्या प्रवासाचा त्रास आहे. गाडी लागण्याचा नव्हे, जीव घाबरा होण्याचा. दोन-तीन तासांच्या पुढे प्रवास गेला की छातीत धडधड, हातांना घाम, आत्ताच्या आत्ता खाली उतरावं असं वाटतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी आमच्या सोसायटीतल्या भारतीबेन सकाळी ध्यान शिकवतात तिथे जायला लागले. त्यांचं सांगणं साधं – "बेन, खाली श्वास गणवाना, बीजुं कंई नहीं करवानुं." नुसते श्वास मोजायचे, दुसरं काही करायचं नाही. एक ते दहा, पुन्हा एक. मध्ये काही आवाज आला, विचार आला, तर त्याच्यामागे जायचं नाही, मोजणीवर परत यायचं. मला ते जमलं. चार-पाच महिन्यांत मी एकटी वडोदऱ्याला जाऊन आले, मग मुंबईला. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते – करा, करून बघा!

मागच्या वर्षी मार्चमध्ये चुलतबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, अमळनेरला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मी एकटीच निघाले. उधन्याहून सकाळची गाडी, स्लीपरचा डबा, खिडकीची जागा. समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. आप्पा असतील सत्तरीचे, हडकुळे, मफलर गुंडाळलेला. मावशी ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, पायांशी दोन पिशव्या. बाजूच्या सीटवर नर्सिंगचं शिकणारी एक मुलगी होती, प्रियंका. ती दोंडाईचाला घरी चालली होती.

आप्पांना खोकला होता. तो खोकला मी ओळखत होते. माझे वडील सुरतच्या लिंबायत भागात तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. धाग्यांचा तो बारीक भुगा छातीत जातो आणि मग निघत नाही, तसा खोकला. दोघं आपसात अहिराणीत बोलत होते. मी दहा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात तेवढीच भाषा होती. मग शाळेत मुली हसल्या आणि मी बोलणं सोडलं. पुढे लग्न झालं, अडाजणसारख्या चांगल्या वस्तीत फ्लॅट झाला. आता कुणी विचारलं तर मी 'मूळच्या जळगावकडच्या' एवढंच सांगते. अहिराणी बोलता येत नाही असंही सांगते. ते फारसं खोटंही राहिलं नव्हतं.

चलथाण गेलं, बारडोली गेलं. मावशी माझ्याशी बोलायचं बघत होत्या. "कथी जाई राहिनी, बहीन?" मी मराठीत, अगदी पुस्तकी मराठीत, "अमळनेरला," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. व्याऱ्यापर्यंत माझी मोजणी छान लागली होती. नवापूरला गाडी थांबली तेव्हा मी ध्यानात होते... पण ध्यान म्हणजे झोप नव्हे. सगळं ऐकू येतं.

मावशी माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाल्या, "बहीन, मी खाले उतरीसन पानी लई येस. यास्ना हात धरी ठेवशी का? एखला राहिनात का जीव घाबरस यास्ना."

मला स्पष्ट ऐकू आलं. शब्दन् शब्द कळला. आणि मी डोळे उघडले नाहीत.

मला त्या वेळी धडधड होत नव्हती, घाम नव्हता. मी अगदी ठीक होते. फक्त नको वाटलं. तो खोकला, तो तंबाखूचा वास, मग 'कोनी पोर तू, कोणतं गाव' या चौकशा. मी श्वास मोजत राहिले – चार, पाच, सहा. मावशींनी एखाद-दोन क्षण वाट पाहिली आणि त्या गेल्या.

गाडी हलली. मावशी परत आल्या नाहीत.

समोरून आप्पांचा आवाज आला. "ऱ्हायनी... ती खालेच ऱ्हायनी..." मग खोकल्याची मोठी उबळ. मग तो आवाज, ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे त्यांना माहीत असेल – श्वास आत जाताना शिट्टीसारखा. बरं, जीव घाबरा होणं म्हणजे काय हे त्या डब्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी मी मोजत होते. त्यांचा तो श्वास माझ्या मोजणीत अडथळा आणत होता म्हणून मी उलट आणखी नेटाने मोजायला लागले. आवाजाच्या मागे जायचं नाही... भारतीबेनचं वाक्य मी अशा ठिकाणी वापरलं.

आणि मग मला आजवर लागलं नव्हतं इतकं खोल ध्यान लागलं. गाडीचा आवाज गेला, बाक गेला, आकडेही गेले. लख्ख शांत. 

डोळे उघडले तेव्हा नंदुरबार स्टेशन होतं. मी खिडकीत नव्हते. मी समोरच्या बाकावर, आप्पांच्या शेजारी बसलेली होते. माझा डावा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता आणि ते डोकं मागे टेकवून शांत झोपले होते. पलीकडे मावशी बसलेल्या, रडून डोळे लाल झालेले, आणि माझ्याकडे बघत हात जोडत होत्या. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती.

"तुना उपकार कसा फेडू, माय," त्या म्हणत होत्या. नवापूरला नळावर गर्दी होती, गाडी सुटली तशा त्या धावल्या आणि हाताला लागला त्या डब्यात चढल्या. अगदी मागचा जनरल. तिथून पुढे यायला वाट नाही. तासभर तिथेच अडकल्या, आप्पांचं काय झालं असेल या काळजीने अर्धमेल्या होऊन. नंदुरबारला उतरून पळत आल्या, तर आप्पा झोपलेले.

  मला वाटलं, झोपेत उठून इथे येऊन बसले असेन. हात सोडवून घेतला, तर बोटांवर त्यांच्या पकडीचे वळ उठले होते.

मग ती प्रियंका म्हणाली, "मॅडम, मला आधी वाटलं हे तुमचे वडीलच आहेत. किती छान समजावलं तुम्ही! मी उठणार होते हो, पण तुम्ही आधीच उठलात. आणि तुम्हाला कसं कळलं मावशी मागे चढल्यात ते?"

मी म्हटलं, "मी काय बोलले?"

ती हसली. तिला वाटलं मी विनयाने म्हणतेय. "तुम्ही त्यांना सारखं सांगत होतात ना – मांगला डबामा शे ती. दारजोडे बशेल शे. एक चप्पल पडी गई तिनी, पन ती बरी शे. नंदुरबारले ई जाई. तू फक्त मन्हा संगे श्वास ले, आप्पा. एक... दोन..."

मावशी चमकून स्वतःच्या पायाकडे बघायला लागल्या. मागच्या डब्यात चढल्याचं त्यांनी आत्ताच सांगितलं होतं, पण दाराजवळ बसल्याचं नाही, चपलेचंही नाही. "तू देखं का माले चढताना?" त्यांनी विचारलं.

माझी खिडकी प्लॅटफॉर्मच्या बाजूला नव्हतीच. आणि माझे डोळे मिटलेले होते.

तरी मी मान हलवली. हो म्हणाले. हे सगळ्यात वाईट. खरं सांगायला तोंड उघडायचं होतं, पण सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते... ते श्रेय मी घेतलं. मावशींनी पिशवीतून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढून दिला, तो खाल्ला. त्यांनी फोन नंबर मागितला, तो दिला. आप्पा जागे झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोही ठेवू दिला. अमळनेरला उतरले तेव्हा दोघं खिडकीतून हात हलवत होते. 

परत आल्यावर डॉक्टरांना गाठलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, ताणाखाली माणूस काही करतो आणि त्याला ते आठवत नाही, असं होऊ शकतं. भाषेचंही समजू शकतं, लहानपणीची भाषा आत कुठेतरी असतेच. "आणि चप्पल?" मी विचारलं. त्यांनी पेन ठेवलं. "योगायोग असेल," म्हणाले. मी विद्यार्थ्यांना असं उत्तर चालवून घेत नाही.

मावशी अधूनमधून फोन करायच्या. मी कधी घ्यायचे, कधी नाही. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला – आप्पा गेले. घरीच गेले, झोपेत. "शेवटलोंग तुनं नाव लेत व्हतात, गाडीवाली पोर म्हनीसन. एक डाव येशी का?"

आता मात्र राहवेना. पत्ता विचारला, तर त्यांचं घर लिंबायतलाच निघालं; एका शनिवारी शाळा सुटल्यावर रिक्षा करून तिथे गेले. त्या भागात मी किती वर्षांनी पाय ठेवत होते! गल्लीत तसाच लूमचा खडखडाट, ओट्यांवर साड्यांचे धागे कापत बसलेल्या बाया. एका खोलीचं घर, भिंतीवर आप्पांचा फोटो, त्याला हार. मावशी एकट्याच होत्या. मी बसले, पाणी प्याले, आणि चहा ठेवायला त्या उठत होत्या तेवढ्यात एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मावशी, तुम्ही नवापूरला मला हात धरायला सांगितलं, ते मी ऐकलं होतं. मी झोपले नव्हते. मी मुद्दाम डोळे मिटून घेतले होते. आप्पा तडफडत होते तेही मला ऐकू येत होतं. मी काही केलं नाही. पुढचं जे काय झालं ते मला आठवतच नाही... ते श्रेय माझं नाही."

मला वाटलं त्या चिडतील. चिडाव्यात असंच वाटत होतं. त्या स्टोव्हपाशी उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या,

"माले माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"तू जागी व्हती ते. तुनी पापणी हालनी ना. मनमा म्हनं, जाऊ दे, तिले नको वाटस. गाडी जास्त थांबस नही म्हनीसन मी गई."

मला मान वर करवेना. इतके महिने ही बाई मला माय म्हणून फोन करत होती, आणि तिला ठाऊक होतं.

"मग हात कोणी धरला, मावशी?"

"कोनी म्हंजे? तूच धरा." त्यांना माझा प्रश्नच कळेना. "मी काय आंधयी शे का? नंदुरबारले मी डबामा चढनी तवय तुना डोया चांगला उघडा व्हतात. तू माले देखं, हासनी, आनि बोटघाई चूप म्हनी – आप्पा झोपेल शेत म्हनीसन. मंग तू डोया मिटात."

मी कुणाकडे बघून हसले, कुणाला गप्प राहा म्हणून बोटाने खुणावलं... मला यातलं काहीही आठवत नाही. माझ्या आठवणीत डोळे उघडले तेव्हा मावशी आधीच बसलेल्या आहेत आणि रडताहेत.

मावशींनी चहा दिला. मग त्यांनीच विषय बदलला, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, पाण्याची वेळ वगैरे. निघताना मी 'येते'ऐवजी अहिराणीत 'येस मी' म्हणून बघितलं, तर जीभ अडखळली. त्या हसल्या. मला ती भाषा अजूनही नीट येत नाही. मग गाडीत पूर्ण एक तास कोण बोललं?

घरी मी अजून ध्यान करते. प्रवासात मात्र करत नाही. धडधडतं, घाम येतो, तरी डोळे उघडे ठेवून बसते. गेल्या महिन्यात वडोदऱ्याहून येताना फार त्रास झाला, पण मिटले नाहीत. मिटले तर काय होईल याची भीती आहे का, की आपण पुन्हा तसेच वागू याची... मला सांगता येत नाही.

कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, कितीही कोरडं असलं तरी चालेल. फक्त एक विनंती – 'तुमच्यातलाच चांगुलपणा जागा झाला' असं कृपा करून कुणी लिहू नका. आप्पांचा हात कोणी धरला ते मला माहीत नाही. तो नको म्हणून मी डोळे मिटले होते, तेवढं मला नक्की माहीत आहे.