दोन पिकअप आणि अर्थिंगची तार

आयटीआयमध्ये मुलांना सोल्डरिंग शिकवण्यात बारा-तेरा वर्षं गेली आणि मग एकदा मनात आलं, आपणच एक इलेक्ट्रिक गिटार बनवावी. वाजवायला मी सोलापुरात कॉलेजला असताना शिकले होते. घरात मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोघंच. हॉलभर भुसा पडला तरी बोलायला कुणी नव्हतं. मोडीत निघालेल्या सागवानी पलंगाच्या फळीतून मी गिटारचं अंग कापलं आणि मान एका मोडक्या गिटारची बसवली.

त्या मोडक्या गिटारचाच एक पिकअप मिळाला. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारं चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची तार थरथरली की त्यात चिमूटभर वीज उठते आणि अॅम्प्लिफायरमधून तिचा आवाज होतो. मिळालेला पिकअप दोन गुंडाळ्यांचा होता. दुसरा, एकाच गुंडाळीचा, मी शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर स्वतः गुंडाळला. सात वेळा तार तुटली.

दोघांचं जमेना. दोन गुंडाळ्यांचा भरदार आणि मोठा, माझा बारीक, टोकदार. पिकअप बदलायचा खटका इकडचा तिकडं केला की आवाज शेजारच्या खोलीत निघून गेल्यासारखा वाटायचा. मी स्क्रू फिरवून मोठ्याला तारांपासून खाली नेलं, माझा वर उचलला. दोन्ही एकदम लावले तर आवाज पोकळ यायचा. माझ्या पिकअपच्या दोन वायरी उलट्या जोडल्यावर ते थांबलं. पण माझा पिकअप वर आला तशी त्याची घूंऽऽ अशी घरघरही वर आली. ती कमी करायला मी नेहमीचाच उपाय केला. तारा ज्या लोखंडी पट्टीला अडकवल्या होत्या तिथून एक वायर काढून ती अॅम्प्लिफायरच्या बॉडीशी जोडली. आता तारांना हात लावला की घरघर गप्प. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

अॅम्प्लिफायर अण्णांचा, माळ्यावरचा. त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. सोनारीच्या यात्रेला, गावोगावच्या लग्नांना त्यांचे कर्णे लागायचे. मी शाळेत असताना त्यांनी तो धंदा एकाएकी बंद केला. का, ते कधी बोलले नाहीत.

त्या रविवारी दुपारी मी नुकतीच फरशी पुसली होती. ओल्या फरशीवर अनवाणी, मांडीवर गिटार घेऊन स्टुलावर बसले होते. अण्णा दारात आले.

"बंद कर ते."

"अण्णा, आत्ता कुठं दोन्ही सारखे—"

"आधी हात काढ. पाय पुस, चप्पल घाल. मंग बोलू."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्याजवळ आले नाहीत. भिंतीच्या कडेकडेनं बोर्डापाशी गेले आणि बटण बंद केलं.

"हात लावला की घूं थांबतंय, व्हय ना?"

"हो."

"मंजी तारा तू पेटीला जोडल्यास. पेटीत करंट उतरला तर कुठं जाईल?"

"अर्थिंगमध्ये," मी वर्गात सांगते तसं सांगितलं.

"अन् अर्थिंग नसलं तर?"

अण्णा खाली बसले. एका लग्नात, म्हणाले, मांडवात धूळ उडू नये म्हणून पाणी मारलेलं. गाणारा अनवाणी उभा. माईक घरघरत होता, पण त्यानं हातात धरला की गप्प व्हायचा.

"म्या म्हणलं, चला, बरं झालं. तिसऱ्या गाण्याला त्याच्या तोंडातून शब्दच येईना, नुसता आऽऽ. माईक हातातून सुटंना. लोकांना वाटलं, सूर लावलाय. म्या पेटीजवळ न्हवतो. पान खायला गेल्तो."

"गेला का तो?"

"वाचला. दोन बोटं गेली. पेटी वाजवायचा तो, बाजाची पेटी."

मग त्यांनी मला टेस्टर आणायला सांगितला. चप्पल घालून मी अॅम्प्लिफायर पुन्हा चालू केला आणि टेस्टरचं टोक गिटारच्या सगळ्यात जाड तारेला टेकवलं. टोक दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा टेस्टरच्या पोटात लाल ठिपका पेटला. बारीकच होता, पण होता.

मेन स्विच पाडून आम्ही बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी तार जागेवर होती. भिंतीवरून खाली, परसात गेली होती आणि तिथं फरशीच्या कडेला संपली होती. दोन वर्षांपूर्वी परसात फरशी बसवली तेव्हा कामगारांनी ती छाटून टाकलेली. त्या कामावर मी स्वतः उभी होते. म्हणजे दोन वर्षं फ्रिज, मिक्सर आणि अण्णांच्या आंघोळीचा गिझर, सगळं असंच चाललं होतं. रोज सकाळी आतून बादलीचा आवाज यायचा आणि मी पेपर वाचत बसायचे. हे डोक्यात आलं तशी मी तिथंच परसात बसले.

वायरमनला बोलावून अर्थिंगसाठी नवा खड्डा घेतला, मीठ-कोळसा घातला, करंट गळला की आपोआप पडणारा खटका बसवला. अण्णांनी गिटारच्या तारांना टेस्टर लावून पाहिला, तीन वेळा. ठिपका आला नाही. तरी आठ दिवस माझा हात गिटारला लागला नाही.

आयटीआयच्या गॅदरिंगमध्ये वाजवायचं मी आधीच कबूल करून बसले होते. अण्णा न बोलावता बरोबर आले. स्टेजची प्रत्येक वायर वाकून पाहिली, मला रबरी चप्पल घालायला लावली आणि मागल्या रांगेमागच्या बोर्डापाशी जाऊन उभे राहिले. मी वाजवलं. काय वाजवलं ते आठवत नाही. घामानं बोटं निसटत होती, आणि प्रत्येक वेळी खटका फिरवताना वाटायचं, आता. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला कळलं की संपलं.

घरी येताना स्कूटीवर अण्णा मागून म्हणाले, "तुझा बारका पिकअप मागल्या रांगेत लई टोचतोय. जरा खाली घे."

सोमवारी मी त्याचा स्क्रू अर्धा फेरा खाली घेतला. तेवढ्यानं मोठा पुन्हा वरचढ झाला. मग त्यालाही पाव फेरा.