मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता?

या, अशा जवळ बसा, आणि तो फोन जरा उलटा ठेवा. मंडळाच्या गणपतीत भेटता तेव्हा "मावशी, पोलिसातलं काहीतरी लिहा" म्हणून मागे लागता, आणि घरी या म्हटलं की डायरी काढून तीन आठवड्यांनंतरची वेळ देता. हे काही बरं नाही. असो, वाचायला बसलाच आहात तर नीट वाचा.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. कायद्याचं कॉलेज मी पाहिलं नाही. शिकले ते ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभं राहून, दुसऱ्यांनी घेतलेले जबाब वाचून. पण जे प्रकरण मला अजून जसंच्या तसं दिसतं ते नोकरीतलं नाही. वर्दी उतरवून लेकीकडे राहायला आल्यावरचं आहे, इथलंच, या डच गावातलं, डेल्फ्टचं.

माझी लेक चार दिवस झुइडास नावाच्या ऑफिसांच्या भागात एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करते आणि पाचव्या दिवशी घरी गिटारचे अ‍ॅम्प बनवते. म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी लाकडी पेटी. आपल्या लहानपणच्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह तिच्यात असतात, खाली मोठा स्पीकर, आणि मागची बाजू अर्धी उघडी. एकेक तार ती हातानं कथलाचा डाग देऊन जोडते. एका पेटीला दोन महिने लागतात.

गेल्या वर्षी टिलबर्गच्या एका गिटारवादकानं तिचा अ‍ॅम्प घेतला. पन्नाशीचा माणूस, मुलांना गिटार शिकवतो. तिथल्या वाद्यांच्या दुकानदारानं लेकीला सांगितलं होतं, "यांना पसंत पडला तर तुमचे अ‍ॅम्प माझ्याकडे मांडतो." म्हणजे सगळं त्या एका माणसाच्या कानांवर अवलंबून होतं.

पेटी पोचल्यावर दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. जाड तार छेडली की आतून खरखर येते. शनिवारपर्यंत कारण कळलं नाही तर परत पाठवतो.

लेक खुर्चीत बसून राहिली. म्हणाली, "आई, हा परत आला तर मी बंद करते हे. चार वर्षं झाली. लोकांना काय दाखवू?"

"आधी तपास, मग निकाल," मी म्हटलं. "जबाब दे. खरखर इथे होती का?"

"नव्हती. तासभर वाजवून तपासला होता. तूच कंटाळलीस."

"खरंय. मग वाटेत किंवा त्याच्या घरी काहीतरी झालंय. उद्या टिलबर्गला जायचं."

"तू येऊन काय करणार? तुला डच येत नाही, गिटार येत नाही."

"मला माणसं येतात," मी म्हटलं.

खरं सांगते, ट्रेनमध्ये माझे दोन संशयित पक्के होते. एक कुरिअरवाला, दुसरा तो गिटारवाला. घेऊन पस्तावलेला माणूस वस्तूत खोट काढतो, हे मी चोरबाजाराच्या चौकशीत शंभरदा पाहिलंय.

त्याच्या घरी गेल्यावर मी आधी कुणाला पेटीला हात लावू दिला नाही. घटनास्थळ जसं आहे तसं बघायचं, ही जुनी खोड. खोका जपून ठेवला होता, एक कोपरासुद्धा चेपलेला नव्हता. कुरिअरवाला सुटला. मग त्याला वाजवायला लावलं. जाड तार छेडली आणि खरंच खरखर आली. फळीवर किल्ल्यांची वाटी होती, तीच खुळखुळत असेल म्हणून उचलून बाहेर ठेवली. खरखर तशीच. त्याचा चेहरा मी बघत होते. बनाव करणारा माणूस आपल्याकडे बघतो, हा पेटीकडे बघत होता आणि त्याला वाईट वाटत होतं. तोही सुटला.

मग मी लेकीकडे वळले. ठाण्यात मुद्देमालाचा घोळ झाला की मी पहिला जो प्रश्न विचारायची, तो मी इथे विसरलेच होते.

"तपासणी कधी संपली?"

"सकाळी दहाला."

"खोक्यात कधी घातला?"

"संध्याकाळी."

"मधल्या वेळात मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता?"

लेक हळूच म्हणाली, "तुझ्या, आई. हॉलमध्ये होता. दसरा होता त्या दिवशी."

ठाण्यात दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजन करायचो, तसंच मी लेकीचं डाग द्यायचं हत्यार, पकडी आणि नवी पेटी मांडून पुजली होती. हळद, कुंकू, झेंडू, वरून अक्षता. आमचा शस्त्रागाराचा हवालदार दुसऱ्या दिवशी कुरकुरत एकेक रायफल पुसून घ्यायचा. मला ते ठाऊक होतं. मी मात्र फुलं उचलली आणि झालं.

आत करंट साठून राहतो म्हणून लेकीनं आधी वायर काढली आणि वरच्या भागात हात घालायचा नाही असं बजावलं. मी मागच्या उघड्या बाजूनं टॉर्च मारला. स्पीकरचा कागदी शंकू त्याच्या लोखंडी चौकटीला जिथे मिळतो, तिथे कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा बसला होता.

आता ऐका. तो दाणा फक्त मला दिसला होता. बोटानं उचलून मुठीत धरला असता तर खरखर गेली असती आणि एखादा स्क्रू सैल होता असं सांगून सुटका झाली असती. मनात आलं नाही असं नाही. पण ज्या प्रश्नावर मी कितीजणांना रात्रपाळीनंतरच्या झोपेतून उठवून उभं केलं, त्याचं उत्तर स्वतःवर आलं म्हणून कसं गिळायचं? मी दोघांना बोलावलं, दाणा जागेवरच दाखवला, मग चिमट्यानं काढून पांढऱ्या कागदावर ठेवला.

"सांग त्याला," मी लेकीला म्हटलं. "आरोपी मी आहे."

तिनं डचमध्ये सगळं सांगितलं, पूजेसकट. तो दाण्यावर वाकून काहीतरी बोलला आणि लेकीला हसू आवरेना.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, माझी आई ओल्या फडक्यानं माझा अ‍ॅम्प पुसायची. तुमची बरीच बरी."

मग त्यानं जाड तार छेडली. आवाज स्वच्छ, खोलीभर. बराच वेळ तो वाजवत बसला. दुकानदाराला त्यानं आमच्यासमोरच फोन केला, अ‍ॅम्प पसंत आहे म्हणून.

परतीच्या गाडीत लेक खिडकीशी बसून पुढच्या पेटीचं चित्र वहीत काढत होती. मी विचारलं, "मग, बंद करतेस?" ती वर न बघता म्हणाली, "गप बस, आरोपी."

इतकी वर्षं मी संशयितांची यादी करत आले, पण तिच्यात माझं नाव कधी घातलं नव्हतं. आता घालते. कामात आणि घरातही. आपण ज्याच्यावर माया करतो त्याच्या आसपास आपलाच हात सगळ्यात जास्त फिरलेला असतो, आणि तोच तपासायचा राहून जातो.

पूजा मी सोडलेली नाही. फक्त क्रम बदलला. आधी पूजा, मग पुसणं, मग तपासणी, मग खोका. प्रत्येक पेटीत आता एक कार्ड जातं, कधी तपासली, कुणाच्या ताब्यात होती, आणि खाली माझी सही.

दुकानासाठीची नवी पेटी पुढच्या आठवड्यात पूर्ण होतेय. पंचनाम्याला दोन पंच लागतात आणि घरचे चालत नाहीत. तेव्हा डायरी घरी ठेवा आणि लवकर या.